घंटेचे चाळीस दिवस

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नाही, पण तिच्या हातात माझं नाव होतं. उजव्या हाताची मूठ वळायची, कानाजवळ न्यायची आणि मनगटातून दोनदा हलवायची, घंटा वाजवल्यासारखी. मी शहापूरला राहतो आणि रविवारी किन्हवलीच्या पुढे आमच्या गावी जातो. मी फाट्यावर एसटीतून उतरताना दिसलो की ती अंगणातूनच शेजारणीला मूठ हलवून दाखवायची, आणि शेजारीण ओळखायची की रमेश आला. गावातल्या शेंबड्या पोरांनाही ही खूण येते. मी शिक्षक, म्हणून शाळेची घंटा, असं सगळे समजतात. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. लोकांचा गैरसमज सोयीचा असला की माणूस तो जपून ठेवतो. ही खूण कुठून आली ते आज लिहितो आहे, कारण ते ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतली दोन माणसं आता नाहीत, आणि तिसरीला सांगून झालं आहे.

आमचं घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणाला लागून खळं. घरात चौघं. आय, म्हणजे माझी आई, दिवसभर मोठ्यानं बोलायची. गुरांशी, कोंबड्यांशी, चुलीशी आणि सुमीशीही. सुमीला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक होतं, पण बोलायचं थांबवणं म्हणजे हार मानणं, असं काहीसं तिच्या मनात असावं. बाबा शहापूरला भाताच्या गिरणीवर कामाला होते. सकाळी जायचे, तिन्हीसांजेला केसांत, भुवयांत कोंडा घेऊन यायचे. सुमी त्यांना भुवया झाडण्याच्या खुणेनंच ओळखायची. आयची खूण कपाळावरच्या गोंदणाची होती. माझी तेव्हा वेगळी होती. लहानपणी मी खळ्यावरच्या दगडावर पडलो होतो, भुवईच्या वर खोक होती, तिच्यावरून एक बोट फिरवलं की तो मी. पाणी, भाकर, सुकट, बैल, साप, राग, लाज, ताप, सगळ्याला खुणा होत्या. त्या कोणी शिकवल्या नव्हत्या. खोटं बोलण्याला तळहात ओठांवरून पुसायचा. ही खूण सुमीनंच काढली होती, आणि बहुतेक माझ्याकडे बघून.

सुमीला आवाज पायांतून कळत. खळ्यावर झोडणी सुरू झाली की भाताच्या पेंढ्या फळीवर आपटण्याचे दणके जमिनीतून तिच्या तळव्यांत यायचे. मग ती हातातलं काम टाकून अंगणात अनवाणी उभी राहायची आणि हसायची. भाकऱ्या थापायला ती आठव्या वर्षी शिकली. तांदळाच्या पिठाची भाकर परातीत गरगर फिरवताना ती आयपेक्षा सफाईदार दिसायची. गावात तिला मुकी म्हणत. मी शाळेच्या पोरांसमोर तिच्याशी खुणांनी बोलायचं टाळायचो. तिनं खूण केली की न बघितल्यासारखं करायचो. ही माझी पहिली चूक, पण हे प्रकरण त्या चुकीचं नाही.

सुमी दहा वर्षांची होती त्या वर्षी पाऊस ओसरताना आमच्याकडे एक बाई आल्या. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, आणि चपला चिखलानं भरलेल्या. त्यांचं नाव पेंडसेबाई. कल्याणच्या बाजूला ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा होती, राहायची सोय असलेली, तिथं त्या शिकवत. गावोगाव फिरून त्या अशी मुलं शोधत. त्यांनी सुमीसमोर बसून हातांनी काहीतरी विचारलं. सुमी बघत राहिली. मग तिनं दोन बोटांची वर्तुळं करून डोळ्यांना लावली, म्हणजे बाईंना जागच्या जागी नाव दिलं. बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा ओला झाला. "हुशार आहे हो तुमची मुलगी," त्या म्हणाल्या. "पण अकरा पूर्ण झाल्यावर आमच्याकडे नवीन घेत नाहीत. हिला फाल्गुनात अकरा होतील. दिवाळीची सुट्टी संपली की पाठवा. मी स्वतः आसनगाव स्टेशनवर घ्यायला येते."

बाबा लगेच हो म्हणाले. आय उठून चुलीकडे गेली, पण बाबांनी बाईंना शब्द दिला. पत्र्याची निळी पेटी आली. दोन फ्रॉक शिवले. गिरणीजवळच्या एका रंगाऱ्याकडून बाबांनी पेटीवर पांढऱ्या रंगात सुमीचं पूर्ण नाव लिहून आणलं. सुमी रोज ती पेटी उघडून फ्रॉक काढायची, घडी मोडायची, परत घालायची. पांढऱ्या अक्षरांवरून बोट फिरवून ती मला विचारायची, हे कोण? मी तिच्याकडे बोट दाखवायचो. मग ती स्वतःच्या छातीवर थाप मारायची आणि परत अक्षरांवर बोट ठेवायची. आपण तिथं, पेटीवर, लिहिलेल्या आहोत याचं तिला फार नवल वाटत होतं.

आता माझी गोष्ट. मी आठवीत होतो आणि मला लिहायचा नाद लागला होता. आमचे मराठीचे भोईरसर मुलांचे निबंध इकडेतिकडे पाठवत. त्यांनी उन्हाळ्यातच माझ्याकडून एक गोष्ट लिहून घेतली होती आणि मुलांच्या एका दिवाळी अंकाला पाठवली होती. गोष्टीचं नाव 'सोनीची घंटा'. सोनी नावाची एक बहिरी मुलगी असते. ती फार गरीब, फार गोड, कोणी काही बोललं तरी हसते. तिचा भाऊ तिच्यासाठी झुरतो. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत त्याला एक म्हातारा भेटतो आणि बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटा देतो. "चाळीस दिवस, रोज सूर्य वर यायच्या आधी, भावानं आपल्या हातानं बहिणीच्या कानाशी वाजवायची. एक दिवस चुकला तर सगळं वाया." भाऊ ते करतो. चाळिसाव्या दिवशी आई मागून हाक मारते, "सोने!" आणि सोनी वळून बघते. संपली गोष्ट. म्हातारा मी बनवला होता. चाळीस दिवसही मीच ठरवले. पंधरा फार कमी वाटले होते आणि शंभर फार, एवढाच त्यामागचा विचार. एक दिवस चुकला तर वाया, हे मी गोष्टीला जोर यावा म्हणून घातलं.

मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी मी आयुष्यभर वाचत आलो आहे. गेल्या वर्षी तालुक्यातल्या एका स्पर्धेत परीक्षक होतो. तिथंही एका मुलीनं बहिऱ्या मुलावर लिहिलं होतं, आणि शेवटी त्याला पावसाचा आवाज ऐकू आला होता. आपल्या गोष्टींतल्या बहिऱ्या मुलांना शेवटी ऐकू यावंच लागतं, नाहीतर कोणाला तरी वाचवताना मरावं लागतं. ती कधी चिडत नाहीत, भांडत नाहीत, परीक्षेत नापास होत नाहीत, प्रेमात पडत नाहीत. बहिरं राहून शाळेत गेलं, मोठं झालं, नोकरीला लागलं, असं पात्र मला तरी क्वचितच भेटलं. आणि सुमी? ती त्या वेळी नऊ-दहा वर्षांची होती, हट्टी होती, माझ्या गोट्या चोरायची आणि पकडली गेली की मनगटाला कडकडून चावायची. माझ्या गोष्टीत ती कुठंच नव्हती. मी तिच्याकडे बघून लिहिलं नव्हतं. मी मला बघून लिहिलं होतं. झुरणारा, चांगला भाऊ.

अंक दिवाळीत आला. भाऊबीजेच्या दिवशी भोईरसर सायकलवरून आमच्याकडे आले. चुलीवर कोनफळ आणि करांदे, दिवाळीला आमच्याकडे उकडतात ते कंद, शिजत होते, त्यांचा मातकट वास सगळ्या घरात होता. सुमीनं मला ओवाळलं होतं. सरांनी ओटीवर बसून सगळी गोष्ट मोठ्यानं वाचली. शेजारपाजारचे जमले. आय चुलीपुढून उठून बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. वाचून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "रम्या, तू तं लेखक झालास रं!" सगळे हसले. आय हसली नाही. तिनं हात पदराला पुसले, पुढे आली आणि सरांच्या हातातल्या पानावर बोट ठेवलं.

"ह्या छापून आलाय?"

"हो वहिनी. पुण्याला छापलाय. सगळ्या महाराष्ट्रात वाचतील."

"म्हंजी खरा हाय."

सर हसून म्हणाले, "गोष्ट आहे ओ ती." पण तेवढ्यात सुमीनं चहाचे कप आणले आणि बोलणं तिकडे वळलं. आयला वाचता येत नव्हतं. छापलेल्या गोष्टींपैकी तिला पंचांग ठाऊक होतं, पोथी ठाऊक होती आणि तलाठ्याचा उतारा ठाऊक होता. त्यातलं काहीच कधी खोटं निघालं नव्हतं. मग एवढ्या लांब, पुण्याला, मशीनवर, कोणी खोटं कशाला छापेल?

सर गेल्यावर ती माळ्यावर चढली. मेलेल्या मोऱ्या बैलाची घंटा तिथं दोरीला टांगलेली होती. बाबांनी ती खरोखरच म्हशाच्या जत्रेतून आणलेली. आयनं ती राखेनं घासली, उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. "उद्यापासून," ती म्हणाली. मी म्हटलं, "आय, अगो ती गोष्ट हाय." ती म्हणाली, "मना म्हाईत हाय गोष्ट हाय. पन तुला ती सुचली कशी? घरान दुसऱ्या कुनाला का नाय सुचली? देवीनं तुझ्याकडनं लिवून घेतली." आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. आयनं असं कधी केलेलं मला आठवत नव्हतं.

बाबांना ते पटलं नसावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला विहिरीवर घेऊन गेले. कळशी भरता भरता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "रम्या, एक सांग. ह्या चाळीस दिसांचा तू खरंच कुठं ऐकलास, का आपला मनानंच?" उत्तर एका शब्दाचं होतं. मनानंच. पण सकाळपासून तीन घरांतून लोक अंक बघायला आले होते. आय त्यांना सांगत होती की माझ्या पोराच्या हातात गुण आहे. मी म्हटलं, "ऐकलाय. म्हशाला. एक म्हातारा सांगत व्हता." बाबांनी कळशी उचलली. "मग वाजव," ते म्हणाले. एवढंच. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण विहिरीवरचं ते वाक्य मला आजही शब्दन्‌शब्द, त्याच आवाजात ऐकू येतं.

ते चाळीस दिवस त्या सकाळपासूनच सुरू झाले होते. पहाटे आय आम्हां दोघांना उठवायची. ओटीवर पाट मांडायची, सुमीला पूर्वेकडे तोंड करून बसवायची. मी आधी उजव्या कानाशी आणि मग डाव्या कानाशी घंटा वाजवायची. किती वेळ ते मी गोष्टीत लिहिलं नव्हतं, म्हणून आयनं ठरवलं, सूर्याची कड दिसेपर्यंत. पहिले दोन-तीन दिवस सुमीला खेळ वाटला. घंटेचा कंप तिला गालावर कळायचा, ती मान वेळावून हसायची, घंटा हातात घेऊन माझ्या कानाशी वाजवायची. मग तिला कंटाळा आला. मग थंडी वाढली. पितळ बर्फासारखं गार व्हायचं, आणि चुकून कानाला लागलं की ती शहारायची. तिनं मला विचारलं, हे कशाला? मी आयकडे बोट केलं. तिनं आयला विचारलं. आयनं कानाला हात लावला, ओठ हलवले, आभाळाकडे हात जोडले आणि हसली. सुमीला एवढं कळलं की आयला हे हवं आहे. त्यानंतर ती एकही दिवस कुरकुरली नाही. पाट मांडला की स्वतः येऊन बसायची, डोळे मिटायची, आणि मी वाजवत राहायचो. माझ्या गोष्टीतली सोनी अशीच बसायची. सुमीला सोनी मी केलं.

मला बाहेर पडता येत नव्हतं. ताप आला असता तर बरं, असं वाटायचं. पण ताप आला तर दिवस चुकेल आणि मग दोष माझा, म्हणून मी थंड पाण्यात हातही घालत नव्हतो. घंटा हरवावी असं वाटायचं, पण आय ती उशाशी घेऊन झोपायची. शाळेत भोईरसर खांद्यावर हात ठेवून नवीन काय लिहितोस म्हणून विचारायचे. दर सकाळी मी ठरवायचो की आज वाजवून झालं की सांगू. वाजवून झाल्यावर आय माझ्यासाठी भाकरीवर तुपाची बोटं फिरवायची. घरात तूप फक्त सणाला असायचं. मी ते खायचो आणि शाळेत जायचो.

चौदाव्या दिवशी बाबांनी पेंडसेबाईंना शब्द दिला होता तो दिवस उजाडला. निळी पेटी दाराशी होती. सुमी नवा फ्रॉक घालून तिच्यावर बसली होती. आयनं तिचा हात धरून तिला उठवलं, पेटी परत आत नेली आणि बाबांना म्हणाली, "सव्वीस दिस ऱ्हायलेत. पोर ऐकाया लागली तं बहिऱ्यांच्या शाळेन कशाला?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. बाबा गिरणीवर निघून गेले. बाई त्या दिवशी आसनगाव स्टेशनवर दुपारपर्यंत थांबल्या होत्या. हे मला दोन दिवसांनी त्यांच्याच तोंडून कळलं.

त्या आल्या तेव्हा खळ्यावर झोडणी चालली होती. बाई भाताच्या भुशातून वाट काढत आल्या आणि आयशी आधी शांतपणे बोलल्या, मग कळवळून, मग जरा रागावून. आयनं त्यांना घंटेचं आणि माझ्या गोष्टीचं सांगितलं, आणि मग एकच वाक्य धरून बसली. "आमी कुठं नाय म्हनतो, बाय? चाळीस होऊंदे."

"अहो, चाळीस दिवसांनी जागा राहणार नाही. दुसरी मुलगी वाट बघतेय. आणि पुढच्या वर्षी हिचं वय बसत नाही. आई, कानाच्या आतली नसच काम करत नाही तिची. घंटेनं काय होणार?"

"तुमी देवाला मानता का नाय?"

"मानते. पण देवानं ही शाळा पण काढलीय."

आयनं सुमीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती हलेल. बाईंनाही ते दिसलं असावं. त्या माझ्याकडे वळल्या. मी पेंढ्या रचत होतो. "तू मोठा ना? आठवीत ना? ती गोष्ट तूच लिहिलीस ना? मग तूच सांग आईला, बाळा. ती तुझं ऐकेल."

झोडणीच्या फळीवर दणके चालूच होते. सुमी अनवाणी उभी होती, नवा फ्रॉक अजून अंगावर, आणि दोन बोटांची वर्तुळं डोळ्यांना लावून बाईंकडे बघून हसत होती. आय माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "चाळीस दिवस होऊन जाऊंदे, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. सुमीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला हातांनी काहीतरी सांगितलं, जे आम्हां कोणालाच कळलं नाही, सुमीलाही नाही. मग त्या फाट्याकडे चालायला लागल्या. सुमी त्यांच्यामागून धावत निघाली. आयनं मला ओरडून तिला आणायला पाठवलं. मी तिला दंडाला धरून ओढत आणलं, तेव्हा तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला. त्याचा वण पुढे बरेच दिवस होता, आणि त्याच हातानं मी घंटा वाजवत होतो.

चाळिसाव्या सकाळी ओटीवर शेजारच्या बायका जमल्या. मी घंटा वाजवून थांबलो. आय सुमीच्या मागे गेली. "सुमे!" तिनं हाक मारली. सुमी माझ्याकडे तोंड करून बसली होती, पापण्या मिटमिटत, थंडीनं नाक लाल झालेलं. "सुमे गो!" मी आयचा चेहरा पाहिला, आणि मी डोळ्यांनी सुमीला खुणावलं. मागं बघ. सुमी वळली.

आयनं जी किंकाळी फोडली तशी मी पुन्हा ऐकली नाही. तिनं सुमीला छातीशी घेतलं, बायकांनी टाळ्या पिटल्या, कोणी कुंकू आणायला धावलं. सुमी खूष होती, कारण आय हसत होती. आयच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे पाहिलं, मूठ वळून कानाशी नेली आणि दोनदा हलवली. तेव्हापासून ते माझं नाव झालं.

दुपारपर्यंत आयला खरं कळलं. तिनं मागून दहा वेळा हाका मारल्या, थाळी वाजवली, घंटा वाजवली. संध्याकाळी ती चुलीपुढे बसून म्हणाली, "माझाच कायतरी चुकला. एकोणिसाव्या दिवशी सूर्याची कड दिसायच्या आधी थांबवला मी तुला." मरेपर्यंत ती तेच धरून बसली. दोन वर्षांपूर्वी ती गेली, त्याच्या आदल्या आठवड्यातही ती मला म्हणाली होती, "त्या एकोणिसाव्या दिसाचा काय झाला रं?" मी म्हटलं, "काय नाय, आय. झोप." बाबा तिच्याही आधी गेले. त्यांनी तो विषय परत काढला नाही, पण माझी छापून आलेली कुठलीच गोष्ट त्यांनी पुढे हातात घेतली नाही. निळ्या पेटीत आयनं वालाचं बियाणं ठेवायला सुरुवात केली. सुमी कुठल्याच शाळेत गेली नाही. ती शेत करते, शेळ्या पाळते, आणि आमच्या घराच्या शे-दोनशे खुणांच्या आत तिचं सगळं आयुष्य गेलं. त्यांच्याबाहेर काय आहे ते सांगायला तिच्याकडे खूण नाही, आणि तिला सांगणारंही कोणी नाही.

या दिवाळीनंतर मला पुण्याहून एका प्रकाशिकेचा फोन आला. मुलांसाठी निवडक गोष्टींचं पुस्तक काढतायत, त्यात 'सोनीची घंटा' हवी. मी म्हटलं, शेवट बदलला तर? सोनीला ऐकू येत नाही, ती शाळेत जाते. त्या हसून म्हणाल्या, "सर, मग गोष्ट कशाची उरली?" मी नको म्हणून कळवलं. पण तो जुना अंक कपाटातून बाहेर निघाला तो परत आत जाईना. त्या रविवारी मी तो पिशवीत घालून गावी गेलो.

सुमी ओटीवर वाल सोलत होती. मी तिच्यासमोर बसलो, अंक उघडला, सोनीचं चित्र दाखवलं, दोन वेण्या, कानाशी घंटा. सुमीनं हसून माझ्याकडे बोट केलं आणि मूठ हलवली. मी होकाराची मान हलवली. मग मी सांगायला लागलो. गोष्टीला आमच्याकडे खूण नव्हती, मनानं रचण्यालाही नव्हती. मी घंटा दाखवली, पुस्तक दाखवलं, स्वतःकडे बोट केलं आणि तळहात ओठांवरून पुसला. खोटं. ती बघत राहिली. मी परत केलं. आयचं गोंदण दाखवलं, ती खरं समजली, भुवया झाडून बाबा दाखवले, त्यांनी विचारलं, आणि मी, तळहात, ओठ. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं दोन बोटांची वर्तुळं हळूहळू वर नेली आणि डोळ्यांना लावली. भुवया उंचावल्या. त्या? मी आगगाडी दाखवली, स्टेशन दाखवलं, सूर्य डोक्यावर येईपर्यंत उभं राहणं दाखवलं. मग मी खळं दाखवलं, आणि मी काय म्हणालो ते दाखवलं.

ती उठली. आत गेली. मी दारातून पाहिलं. निळ्या पेटीपुढे ती उकिडवी बसली होती. पांढरी अक्षरं जवळपास गेली आहेत. आडनावाची एक रेघ आणि 'म'चा काना तेवढा दिसतो. त्यावरून ती बोट फिरवत होती, पहिल्या अक्षरापासून, जी आता दिसत नाहीत त्यांच्या जागेवरूनसुद्धा.

मग तिनं चूल पेटवली. भाकऱ्या केल्या, सुकट परतली, पान वाढलं. वाढून झालं की ती मला हाक मारायची, मूठ कानाशी नेऊन. तिचा हात वर गेला. मूठ वळली. कानाजवळ पोचली आणि तिथं थांबली. मग ती उघडली. तिनं एक बोट माझ्याकडे केलं आणि मग पानाकडे, दारावर आलेल्या परक्या माणसाला दाखवावं तसं. मी जेवलो. तिनं मला दोनदा भाकर वाढली.

मी अजून दर रविवारी जातो. मला वेडी आशा होती की ती जुन्या खुणेवर, भुवईवरच्या खोकेवर, परत येईल. तसं झालेलं नाही. गेल्या रविवारी मी फाट्यावर उतरलो तेव्हा शेजारची पाच-सहा वर्षांची पोर आमच्या अंगणात सुमीपाशी खेळत होती. मला पाहून ती उड्या मारत सुमीसमोर गेली, मूठ वळून कानाशी नेली आणि जोरजोरानं हलवू लागली. सुमीनं तिचं मनगट धरलं, हात हळूच खाली केला, आणि माझ्यासाठी भाकर टाकायला आत गेली.